कार्टूनमधले दुःख खोटे कसे?

परप्रांतातील आपल्या मराठी मंडळांत चित्रपटांचा विषय निघाला की तीन मते हमखास ऐकावयास मिळतात. पहिले असे, की ॲनिमेशनपट म्हणजे कार्टून आणि कार्टून म्हणजे मुलांचा खेळ. त्यात मृत्यू, विरह, वार्धक्य आणणे हा औचित्यभंग होय. दुसरे असे, की पार्श्वसंगीत ही मुळातच लबाडी आहे. ज्या प्रसंगाच्या अंगी स्वतःचे बळ नाही त्याला व्हायोलिनच्या कुबड्या देऊन उभे करावयाचे आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढावयाचे. तिसरे मत अधिक विद्वत्तेचे. करुण रसाचे स्वर आपल्या शास्त्राने ठरवून दिलेले आहेत. तेव्हा परदेशी पियानोवरची एखादी नाचाची चाल ऐकून आमच्या लोकांना गहिवर येतो, ही निव्वळ अनुकरणाची हौस आहे, असे ते मत.

ही मते मांडणारी मंडळी बहुधा वयाने, हुद्द्याने आणि वाचनाने मोठी असतात. वरिष्ठांच्या शेऱ्याखाली विरुद्ध टिपणी लिहिण्याची सवय केंद्र सरकारच्या कारकुनाला नसते. पण वाङ्मयाच्या नस्तीत हुद्द्यांची उतरंड चालत नाही असे समजून मी येथे ती लिहीत आहे. माझ्या मते ही तिन्ही मते चुकीची आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. तो हा, की दुःखाच्या प्रसंगी संगीताचे काम रडणे हे आहे. चांगल्या ॲनिमेशनपटातील संगीत दुःखाच्या वेळी रडत नाही. जे गेले ते कसे होते, याची आठवण ते धरून राहते. रडावे की न रडावे हे प्रेक्षकावर सोपविलेले असते.

प्रथम पहिल्या मताचा समाचार घेऊ. रंगविलेल्या चित्रांपुढे शहाण्या माणसाने रडू नये, असे म्हणणाऱ्यांनी भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ पुन्हा एकदा उघडून पाहावे. त्याचा पहिला अंक ‘चित्रदर्शन’ या नावाने ओळखला जातो. लक्ष्मण रामसीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता विरहाच्या भयाने दचकते, तेव्हा राम तिची समजूत घालतो की अगं, हे तर चित्र आहे. आणि थोड्याच वेळात जनस्थानाच्या चित्रापाशी त्याच रामाचे डोळे भरून येतात. ‘अरे, कार्टून आहे’ असे मुलाला सांगणाऱ्या आपल्या गृहस्थांची अवस्था या रामासारखी होत नसेल, तर त्याचे कारण त्यांचे प्रौढत्व खचित नव्हे. संस्कृत रंगभूमीवरील श्रेष्ठ करुण नाटकाचा आरंभच चित्रांपुढील अश्रूंनी होतो, आणि ज्यांना आपण संस्कृतीचे राखणदार समजतो त्यांनीच चित्रांतील दुःखाला पोरखेळ म्हणावे, यास काय म्हणावे? परदेशांत हा वाद केव्हाच मिटला आहे. २००९ साली कान येथील चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ ‘अप’ या ॲनिमेशनपटाने झाला. उद्घाटनाचा हा मान त्यापूर्वी कोणत्याही ॲनिमेशनपटाला मिळालेला नव्हता.

दुसरे मत अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे, कारण त्याच्या बाजूने एक थोर मराठी साक्षीदार उभा आहे. १९३७ साली प्रभातने काढलेल्या ‘कुंकू’मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे नित्याचे आवाज एवढ्यावरच त्यांनी भागविले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातील ते घड्याळ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना त्याची टिकटिक कोणत्याही वाद्यमेळाहून भयाण वाटल्याशिवाय राहिली नसेल. मग, आमचे मित्र विचारतात, शांतारामबापूंना जे नको होते ते या अमेरिकन आणि जपानी मंडळींना का लागते?

या प्रश्नाचे उत्तर ॲनिमेशनच्या स्वरूपातच आहे. ‘कुंकू’मध्ये शांता आपट्यांचा जिवंत चेहरा होता, केशवराव दात्यांचा थकलेला श्वास होता. कॅमेरा चालू झाला की नटाबरोबर त्याची खोली, त्या खोलीतला प्रकाश आणि तेथली शांतताही फितीवर उतरते. ॲनिमेशनमध्ये यापैकी काहीही आपोआप उतरत नाही. तेथे पावलाचा आवाज नाही, कारण पाऊलच नाही. श्वास नाही, कारण छाती नाही. पडद्यावर जी खोली दिसते तिच्यात कधीही कोणी राहिलेले नसते, त्यामुळे त्या खोलीची म्हणून जी शांतता असते तीसुद्धा कोणीतरी ठरवून घडवावी लागते. ज्या कलेत पापणीची उघडझापही हाताने काढावी लागते तिच्यात ‘संगीत तेवढे कृत्रिम’ हा आक्षेप कसा टिकणार? तेथे संगीत बाहेरून आणून चिकटविलेले नसते. रेषा आणि रंग ज्या पंक्तीला बसतात त्याच पंक्तीला सूर बसतो.

आणि जिवंत नटांच्या चित्रपटातही संगीत म्हणजे कुबडीच असते, हे तरी कोठे खरे आहे? कलकत्त्यास राहिलेल्या वाचकांना १९५५ च्या ‘पथेर पांचाली’तील प्रसंग आठवत असेल. हरिहर परगावाहून परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी दाखवितो आणि सर्वजया कोसळते. तिच्या तोंडून हंबरडा फुटतो, पण तो आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातील तारशहनाईची उंच तान ऐकू येते. सत्यजित राय यांच्यापाशी नटीचा खरा आक्रोश होता; तो त्यांनी बाजूला ठेवला. अशक्त प्रसंगाला आधार देण्यासाठी त्यांनी हे केले, असे म्हणण्याचे धाडस आमच्या मंडळातील कोणी करील काय?

आता खुद्द ॲनिमेशनपटांकडे वळू. या कलेच्या बाल्यावस्थेत संगीत चित्राचे गुलाम होते. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’पासून उंदीर पाऊल टाकील तसा ढोल वाजावा आणि मांजर घसरले की बासरीही घसरावी, अशी रीत पडली. त्या उंदराच्या नावावरून अशा संगीताला ‘मिकी-माउसिंग’ हे नावच मिळाले. विनोदाला ही रीत फार मानवते. पण दुःखाच्या प्रसंगी हीच रीत चालविली तर काय होईल याची कल्पना करा. अश्रूच्या थेंबागणिक एक घंटा, हुंदक्यागणिक एक गज! चांगल्या संगीतकारांनी हे लवकरच ओळखले. शोकाच्या जागी संगीताने चित्राची पावले मोजण्याचे सोडून दिले आणि ते स्वतःच्या गतीने चालू लागले.

१९४२ च्या ‘बँबी’त या बदलाचा एक धडाच आहे. संगीत फ्रँक चर्चिल आणि एडवर्ड प्लंब यांचे. हिवाळा सरत आला आहे. हरिणी आपल्या पाडसाला बर्फातून डोके वर काढणारे पहिले गवत दाखविते. तेवढ्यात माणसाची चाहूल देणारी ती तीन सुरांची खूण वाद्यमेळात शिरते. येथवर संगीत धोक्याचे आहे आणि ते पळणाऱ्या पायांबरोबर पळते. मग बंदुकीचा आवाज होतो. आई पडलेली आपल्याला दाखवीत नाहीत. पाडस जाळीत पोहोचते, मागे वळून पाहते, आणि तो धावणारा वाद्यमेळ आता कोठेच नसतो. बर्फ पडू लागते आणि त्या बर्फाबरोबर शब्दांवाचून गाणारे मंद समूहस्वर येतात. ते स्वर पाडसाबरोबर हाक मारीत नाहीत, त्याची समजूतही घालीत नाहीत. बर्फ जसे कोणाकडे न पाहता पडत राहते तसे ते गात राहतात. जगाला काही झालेले नाही आणि एका जिवाचे मात्र सर्वस्व गेले आहे, हे त्या दोन गोष्टींच्या शेजारामुळे कळते. येथे व्हायोलिनने टाहो फोडला असता तर ते पाडस एकटे राहिले नसते. त्याच्या दुःखाला सोबत मिळाली असती आणि दुःख तेवढे कमी झाले असते.

आता तिसरे, विद्वानांचे मत. भरतमुनींनी करुण रसासाठी गांधार आणि निषाद हे स्वर सांगितले आहेत, ही गोष्ट खरी. पण त्याच मुनींनी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगावाचून रसनिष्पत्ती होत नाही, असेही सांगितले आहे. केवळ स्वराने रस उत्पन्न झाला असता तर नाटक लिहिण्याची खटपट कोणी कशाला केली असती? आपल्या स्वतःच्या अनुभवाकडे पाहा. भैरवीत चार स्वर कोमल. पण भैरवीने मैफल संपते तेव्हा लोक तृप्त होऊन घरी जातात. सनई हे आपले मंगलवाद्य. मुहूर्ताला जी सनई वाजते तिच्याच सुरांवर मुलीच्या पाठवणीच्या वेळी बापाचा कंठ दाटतो. सनईचा स्वर बदललेला नसतो, मांडवातील परिस्थिती बदललेली असते. सारंगीची गोष्ट तर आपण सरकारी नोकरांनी विसरताच कामा नये. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणीवरून नेहमीचे कार्यक्रम बंद होऊन सारंगीसारखी वाद्ये वाजत राहत. १९८४ चे ते दिवस ज्यांनी पाहिले अशा वडीलधाऱ्यांना सारंगी ऐकताच आजही कोणी गेल्याची शंका येते. ख्याल-ठुमरीच्या साथीला रंग भरणारे हे वाद्य काही जन्मतः सुतकी नव्हे. आपणच त्याला प्रसंगांनी तसे शिकविले.

म्हणजे सुराला अर्थ येतो तो त्याच्या पूर्वायुष्यातून. हे ज्या संगीतकाराला कळले त्याला दुःखासाठी वेगळी रडकी चाल शोधावी लागत नाही. त्याने सुखाची चाल आधी प्रेक्षकाच्या ओळखीची करून द्यावी आणि मग ती चाल ज्याची होती तो माणूस काढून घ्यावा.

‘अप’मधील कार्ल आणि एली यांच्या संसाराचा भाग नेमका असा रचलेला आहे. दिग्दर्शक पीट डॉक्टर, संगीतकार मायकेल जियाकिनो. लग्नापासून एलीच्या मृत्यूपर्यंतचा अवघा संसार चारएक मिनिटांत, एकाही संवादावाचून. त्या सगळ्याखाली एकच चाल आहे आणि ती वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांच्या जोडनृत्याची. आरंभी ती हसरी आहे; तीत ट्रंपेट आहे, व्हायोलिनचा नखरा आहे. नवराबायको पडके घर डागडुजी करून सजवितात, टेकडीवर पडून ढगांत आकार शोधतात आणि ढगांत बाळे दिसू लागतात. मग पाळण्याची खोली रंगविली जाते, आणि लगेच दवाखान्यात मान खाली घातलेली एली दिसते. तेथे चाल संथ होते, वाद्ये गळतात. पण ती तुटत नाही. दूरच्या धबधब्याच्या प्रवासासाठी बरणीत नाणी जमतात. कधी गाडीचे चाक, कधी मोडलेला पाय, कधी छप्पर, अशा निमित्तांनी ती बरणी फुटते, आणि प्रत्येक वेळी चाल पुन्हा उठून चालू लागते. कार्लच्या गळ्यातील टाय एली बांधते. टाय बदलतात, केस पांढरे होतात, मात्रा मात्र तीनच. अखेर टेकडी चढताना एली कोलमडते, आणि शेवटी उरतो एकटा पियानो. तोच सूर, तीच चाल. सारा वाद्यमेळ एकेक करून निघून गेलेला असतो, जसे घरातून माणूस जाते.

या चालीत कोठे रडे आहे? गांधार-निषादांचा कोमलपणा वाढवून येथे काही साधलेले नाही. लय संथ केली, सोबतीची वाद्ये काढून घेतली, बस्स. जोडीने नाचावयाची चाल एकट्याला वाजवावी लागते, एवढेच त्या पियानोत आहे, आणि एवढ्याने काम होते. पुढे चित्रपटाच्या उत्तरार्धात कार्ल एलीची जुनी वही उघडतो. पुढची पाने कोरी असतील असा त्याचा समज. पण तेथे एलीने दोघांच्या संसाराची छायाचित्रे लावून ठेविलेली असतात. तेव्हा तीच चाल पुन्हा हलकेच येते. भवभूतीचा चित्रदर्शनाचा अंक आणि हा प्रसंग यांत मला तरी जातीचा भेद दिसत नाही. या चित्रपटाच्या संगीताला पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पण ते मिळाले नसते तरी माझे म्हणणे हेच राहिले असते.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. १९८८ चा जपानी चित्रपट ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, संगीत मिचिओ मामिया यांचे. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर तो आधारलेला असून त्या कथेमागे लेखकाच्या, १९४५ साली उपासमारीने गेलेल्या धाकट्या बहिणीचे दुःख आहे. कोबे शहरावरील बॉम्बहल्ल्यात आई गेलेली. चौदा वर्षांचा भाऊ सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको तळ्याकाठच्या एका निवाऱ्यात राहतात, आणि तेथे ती मुलगी अन्नावाचून मरते. त्यानंतर पलीकडच्या मोठ्या घरी युद्धामुळे दूर गेलेल्या मुली परत येतात, खिडक्या उघडतात आणि ग्रामोफोनवर तबकडी लावतात. अमेलिता गाल्ली-कुर्ची हिच्या आवाजातले ‘होम, स्वीट होम’. १८२३ सालची ही इंग्रजी चाल जपानी लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी शब्दांत घरची म्हणून परिचयाची आहे. त्या घरातून तो सूर तळ्यावरून इकडे येतो आणि रिकाम्या निवाऱ्याभोवती खेळत असलेली, आता नसलेली सेत्सुको आपल्याला दिसू लागते.

गाणे सुखाचे आहे, गाणारीचा आवाज निर्मळ आहे, आणि तबकडी लावणाऱ्या मुली तर आनंदात आहेत. या दृश्यात दुःखाचे असे एकही वाद्य नाही. दुसऱ्याच्या घरातले घराचे गाणे बेघर मुलीच्या मृत्यूवर येऊन पडते, आणि त्यात जो अन्याय आहे तो शंभर सारंग्यांनी सांगता आला नसता. दर काही वर्षांनी बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड उचलणाऱ्या आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून कधी अनपेक्षितपणे एखादे मराठी गाणे ऐकणाऱ्या आपल्या वाचकांना, त्या चित्रपटाच्या दुःखाची बरोबरी न करताही, सूर खिडकीतून कसा येतो हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९४१ च्या ‘डंबो’तही हेच आहे. साखळदंडात जखडलेली हत्तीण गजांबाहेर सोंड काढून पिलाला जोजविते, तेव्हा फ्रँक चर्चिलने तिला विलाप दिला नाही, अंगाई दिली. नाचाची चाल, घराचे गाणे, अंगाई: तिन्ही ठिकाणी सूर सुखाचा आहे.

यावर कोणी म्हणेल की आमच्या हिंदी चित्रपटांनी ही युक्ती केव्हाच वापरली. पूर्वार्धात आनंदाने गाइलेले गाणे उत्तरार्धात दुःखाने पुन्हा येतेच. येते खरे. पण बहुतेक वेळा त्याचे शब्द बदलून विलापाचे केलेले असतात आणि गायकाच्या गळ्यात हुंदका घातलेला असतो. आठवण प्रेक्षकाने करावी एवढाही विश्वास त्याच्यावर टाकलेला नसतो.

खरा रोख आता सांगतो. पार्श्वसंगीताला लबाडी म्हणणारे आमचे मित्र ज्या लबाडीवर चिडतात ती अस्तित्वात आहे. पण तिचा पत्ता त्यांनी चुकीचा लिहिला आहे. ती रोज रात्री त्यांच्याच दिवाणखान्यात दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर नांदते. मालिकेत बातमी सांगणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच ढोल आदळतो, तोच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखविला जातो आणि व्हायोलिनांचा जथा आक्रोश करू लागतो. राजस्थानात नोकरी केलेल्या वाचकांना रुदाली ठाऊक असतील. परक्याच्या मयतास मोल घेऊन रडावयास येणाऱ्या त्या गरीब स्त्रिया. त्यांच्या रडण्याला निदान पोटाचा आधार होता. या मालिकांतील संगीत ही भरल्या पोटाची रुदाली आहे. मेलेल्याशी तिची ओळखही नसते. कालच्या भागात हाच आक्रोश हरवलेल्या दागिन्यासाठी झालेला असतो आणि उद्याच्या भागात तो मोडलेल्या लग्नासाठी होणार असतो.

आणि या दोहोंमध्ये घरातले मूल सापडते. तळ्याकाठच्या त्या मुलीसाठी, किंवा रिकाम्या घरात परतणाऱ्या म्हाताऱ्या कार्लसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर वडील हसतात की ‘वेडा रे वेडा, कार्टून बघून रडतोस?’ आणि तासाभराने सारे कुटुंब ढोलाच्या ठोक्याबरोबर हुकमी उसासे टाकते. खरे कारुण्य पाहून लाजावे आणि खोट्याला मान डोलवावी, हा धडा मुलाला शाळेत कोणी देत नाही. तो घरी मिळतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले मराठी शाळेवाचून, आजीआजोबांवाचून, दर बदलीला नवे मित्र जोडीत वाढतात. निरोप म्हणजे काय हे त्यांना आपल्या वयाच्या मुलांहून लवकर कळते. ज्या थोड्या कलाकृती त्या निरोपाला मान देतात त्यांची चेष्टा तरी आपण करू नये.

माझी मंडळांच्या चालकांना एक विनंती आहे. गणेशोत्सवात किंवा दिवाळीनंतरच्या संमेलनात पडदा लावून ‘अप’मधील त्या चार मिनिटांचा भाग दोनदा दाखवावा, पहिल्यांदा आवाज बंद ठेवून आणि दुसऱ्यांदा आवाजासह. पहिल्या खेपेस संसार समजेल, घटना समजतील, मृत्यूही समजेल. दुसऱ्या खेपेस काय वाढले, आणि जे वाढले ते रडणे होते की आठवण होती, एवढाच प्रश्न सभेपुढे ठेवावा. उत्तरे प्रथम मुलांकडून घ्यावीत. ज्येष्ठांचे अध्यक्षीय भाषण नंतर होऊ द्यावे.